गाढव, मडकं आणि इंजिन : 'मुळे' या शब्दाविषयी



मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणभावाचा प्रश्न ह्यूमपाशी आणून सोडला होता आणि आज कांट घेऊ असं जाहीर केलं होतं. कांट थोडा थांबेल. दोनशे वर्षांहून जास्त थांबलाय, आणखी पंधरा दिवसांनी त्याचं काही बिघडणार नाही. मधल्या काळात आमच्या घरी एक प्रकरण झालं आणि ते मिटवताना आमच्या लक्षात आलं की, ज्या प्रश्नावर आम्ही सदतीस वर्षं वर्गात बोलत आलो, तो प्रश्न एका मोटारीच्या वर्कशॉपमध्ये साडेतीन लाखांचं बिल हातात घेऊन उभा आहे. तेव्हा आज त्याविषयी बोलू. इथे पालेगावात बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांची नोकरी आनंदनगर एमआयडीसीत गेली किंवा जाते आहे, त्यामुळे यंत्राबद्दल आमचं काही चुकलं तर मध्येच थांबवा. तत्त्वज्ञानाबद्दल चुकलं तर मात्र शेवटी विचारा.

आमच्या बहिणीचा मुलगा. वय एकोणतीस. हप्त्यावर गाडी घेतलेली, लहानशी पण टर्बो इंजिनाची, अकरा लाखांच्या आसपासची. पासिंग आपलंच, एमएच-०५. गाडीला दोन वर्षं झालेली, एकवीस हजार किलोमीटर झालेले, सगळ्या सर्व्हिसिंगा वेळेवर, कंपनीच्याच सेंटरला. वॉरंटी तीन वर्षांची. हा पठ्ठ्या तीन मित्रांबरोबर इथून गाडी चालवत थेट चेन्नईला गेला. तिथे इरुंगट्टुकोट्टैला मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, १९९० सालचा. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. कोइम्बतूरला दुसरा ट्रॅक आहे, करिवर्धन या माणसाच्या नावाचा. दिल्लीजवळचा बुद्ध सर्किट तुम्हाला माहीत असेल, २०११ साली फॉर्म्युला वन झालं तो. आता गंमत बघा, चाकण, पिंपरी, नाशिक, एवढ्या गाड्या आपल्याकडे तयार होतात. गाड्यांची परीक्षा घेणारी एआरएआय पुण्यात, लष्करी वाहनांची व्हीआरडीई नगरला. आणि आमच्या भाच्याला गाडी मनासारखी पळवायला जावं लागतं तामिळनाडूत. आपल्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेत पळवण्याचे कार्यक्रम झालेले आहेत, पण वळणं घ्यायची हौस तिथे भागत नाही.

तर 'ट्रॅक डे' म्हणजे काय, हे आम्हालाही नवीन होतं. ती शर्यत नव्हे. पैसे भरायचे, स्वतःची गाडी आणायची, हेल्मेट घालायचं, प्रशिक्षक सांगतील त्याप्रमाणे ठरावीक वेळ ट्रॅकवर फिरायचं. कुणी पहिला नाही, कुणी दुसरा नाही. ओव्हरटेक कुठे करायचं ते आधीच ठरलेलं. आम्ही आधी ऐकलं तेव्हा, खरं सांगतो, पोरगा वाया गेला असं वाटलं होतं. पण रात्री दोन वाजता काटई-बदलापूर रस्त्यावर जी पोरं गाड्या पळवतात त्यांच्यापेक्षा हा शहाणा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. ट्रॅकवर जाणं हा गुन्हा नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे कंपनीच्या पत्रात त्याला गुन्हेगारासारखं वागवलं गेलं.

दुसऱ्या सत्रात, चौथ्या फेरीत, एका लांब वळणातून बाहेर पडताना डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. त्यानं लगेच पाय काढला, गाडी कडेला घेतली. तेवढ्या चार-पाच सेकंदांत खटखट सुरू झाली होती. लोखंडी पिंपावर कुणीतरी हातोडी मारावी तशी. मग इंजिन बंद. गाडी टो करून चेन्नईतल्या सर्व्हिस सेंटरला. आठ दिवसांनी निरोप : इंजिन बदलावं लागेल, खर्च साडेतीन लाखांच्या पुढे, आणि "गाडी ट्रॅकवर वापरलेली असल्याने वॉरंटीचा दावा अमान्य."

त्या आठ दिवसांत त्याला सल्ले काय मिळाले ते सांगतो. मित्र म्हणाले, हायवेवर बंद पडली असं सांग, कृष्णगिरीच्या आसपास. एक जण म्हणाला, मीटरच्या वायरी काढून टाक. आता आम्ही कांटवर बोलणार होतो, आणि कांटचं खोट्याविषयीचं मत तुम्हाला माहीत आहे. पण आमच्या भाच्यानं खोटं सांगितलं नाही ते काही कांटमुळे नाही. टोइंगच्या पावतीवर ट्रॅकचं नाव होतं! (हशा) हसू नका. शिवाय आजच्या गाडीत जो संगणक असतो, ईसीयू, त्यात बिघाडाच्या क्षणी वेग किती, फेरे किती, तापमान किती याची नोंद राहते. खोटं बोलला असता तर नंतर जे खरं सिद्ध झालं त्यालाही कुणी विचारलं नसतं. त्याच नोंदीनं पुढे त्याला वाचवलं.

तो रात्री घरी आला. म्हणाला, "मामा, तुम्ही पत्र लिहून द्याल का? तुमचं इंग्रजी चांगलं आहे." आमची बहीण बाजूला बसलेली. ती काहीच बोलत नव्हती, पण हातातल्या पाटल्या फिरवत होती. आम्हाला कळलं ती काय हिशेब करते आहे. गाडी चेन्नईत उभी, हप्ता इथून दरमहा जातोच आहे.

आम्ही म्हटलं, आधी वॉरंटीचं पुस्तक आण.

त्या पुस्तकातलं वाक्य असं होतं, इंग्रजीत, आम्ही मराठीत सांगतो : शर्यत, रॅली, स्पर्धा किंवा तत्सम वापरामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येणार नाही. आणि कंपनीचं पत्र म्हणतं : ट्रॅकवर वापरलेली असल्याने दावा अमान्य. पुस्तक म्हणतं 'वापरामुळे'. पत्राचा अर्थ होतो 'वापराच्या वेळी'. या दोहोंत साडेतीन लाखांचं अंतर आहे.

'मुळे' हा आपल्या भाषेतला फार सुंदर शब्द आहे. त्यात 'मूळ' उघड दिसतं. पावसामुळे गाडी लेट झाली, म्हणजे गाडी उशिरा येण्याचं मूळ पावसात आहे. पाऊस पडत होता आणि गाडी लेट झाली, एवढ्यानं 'मुळे' सिद्ध होत नाही. अंबरनाथ लोकलच्या प्रवाशाला हे समजावून सांगायला नको. पाऊस नसतानाही ती लेट असते.

आता आपल्याकडच्या नैयायिकांनी यावर काय केलंय ते बघू, कारण ते आम्हाला या प्रकरणात ह्यूमपेक्षा जास्त उपयोगी पडले. अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह सतराव्या शतकातला, संस्कृत शिकणाऱ्या पोरांना न्यायशास्त्राची पहिली ओळख करून देणारा छोटासा ग्रंथ. कारण म्हणजे काय याला तिथे दोन अटी आहेत. पहिली, ते कार्याच्या आधी नेमानं असलं पाहिजे. दुसरी अट जास्त खुबीची : ते 'अन्यथासिद्ध' नसलं पाहिजे. म्हणजे, ते आधी हजर आहे खरं, पण त्याच्या हजेरीचा हिशेब दुसऱ्याच कशानं तरी लागतोय आणि कार्याशी त्याचा संबंध नाही, असं असता कामा नये.

नैयायिकांचं उदाहरण मडक्याचं. कुंभार, माती, चाक, दांडा, हे सगळे मडक्याच्या आधी असतात. दांड्याचा रंगही असतो. कुंभाराचा बापही कधीतरी असतोच. आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं, पुढच्या दारात उभं. आता गाढवाला मडक्याचं कारण म्हणायचं का? ते मडक्याच्या आधी हजर होतं, नजरेसमोर होतं, मोठं होतं, आवाजही करत होतं. पण माती बैलगाडीतून आली असती तरी मडकं झालंच असतं. म्हणून गाढव अन्यथासिद्ध. शास्त्रात त्याला 'रासभ' म्हणतात, म्हणजे ऐकायला जरा बरं वाटतं.

कंपनीच्या पत्रात ट्रॅक हा कारण म्हणून उभा केलेला होता. आमचा प्रश्न एवढाच होता की, तो कुंभार आहे की गाढव?

आणि मंडळी, इथे आम्हाला लबाडी करायची नव्हती. ट्रॅक हा कुंभारही असू शकतो! हे समजायला इंजिनात काय चालतं ते थोडं पाहावं लागेल. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात, इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. जे पुढे सांगतो ते त्यांनी आम्हाला तीन संध्याकाळ बसवून शिकवलं, स्टीलच्या वाट्या घेऊन.

इंजिनाचे मिनिटाला सहा हजार फेरे म्हणजे सेकंदाला शंभर. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबून उलटा फिरतो, म्हणजे सेकंदाला दोनशे वेळा. हा सगळा धक्का कनेक्टिंग रॉडमधून क्रँकवर येतो आणि रॉड जिथे क्रँकला धरतो तिथे बेअरिंग असतं. या बेअरिंगला छर्रे नसतात. धातूच्या दोन पातळ अर्धगोल वाट्या, आणि वाटी व क्रँक यांच्यामध्ये फक्त तेल. भार पडला की तेलाचा थर अगदी थोड्या मायक्रॉनचा उरतो, आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. जोपर्यंत तो थर आहे तोपर्यंत धातूला धातू लागत नाही. थर तुटला की काही सेकंदांत वाटी घासून जाते, फट वाढते, आणि रॉड खटखटायला लागतो. पोरानं ऐकला तो आवाज हाच.

मग तेल का तुटलं? तात्यांनी वाटीत पाणी घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, माळशेज घाटात एसटीत पायाशी कळशी ठेवलीत तर काय होतं?" पाणी एका बाजूला चढतं. तेल इंजिनाच्या तळाशी एका पसरट भांड्यात असतं, त्याला संप म्हणतात, आणि एक नळी त्यातून ते ओढून घेते. चांगल्या टायरची गाडी जोरात वळणात घातली की बाजूचा जोर जवळजवळ गुरुत्वाकर्षणाएवढा होऊ शकतो, आणि तेव्हा तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांनी कलतो. रस्त्यावर एवढा जोर फार तर क्षणभर येतो. ट्रॅकच्या लांब वळणात तो चार-पाच सेकंद टिकतो. नळीचं तोंड उघडं पडलं तर पंप हवा ओढतो. शर्यतीच्या गाड्यांना म्हणून संपमध्ये आडव्या पट्ट्या घालतात, किंवा तेल वेगळ्या टाकीतच ठेवतात. मोटारसायकलला हा त्रास कमी, कारण ती वळणात स्वतःच कलते आणि तेल तळाशीच राहतं. तिला त्रास होतो तो पुढचं चाक उचलल्यावर किंवा करकचून ब्रेक मारल्यावर.

दुसरी शक्यता चुकीच्या गिअरची. पाचव्यातून चौथ्यात टाकायचं ते दुसऱ्यात पडलं, तर चाकंच इंजिनाला जबरदस्तीनं फिरवतात. फेरे मर्यादेत ठेवणारी इलेक्ट्रॉनिक सोय इथे काही करू शकत नाही, कारण ती फक्त इंधन तोडते, चाकं थोडीच थांबवते? व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात, इंजिन जातं. असं झालं असतं तर आम्ही स्वतः भाच्याला म्हटलं असतं, बाबा रे, भर पैसे.

तेव्हा ट्रॅक कारण असू शकतो. पण 'असू शकतो' आणि 'आहे' यात फरक आहे. अनुमानाच्या दोषांत नैयायिक 'उपाधी' सांगतात. धूर दिसला तर अग्नी आहे, हे ठीक. पण उलटं, अग्नी आहे म्हणून धूर आहेच असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? धूर होतो तो ओल्या इंधनानं. ओलं इंधन ही तिथे उपाधी. त्या दिवशी त्या ट्रॅकवर त्याच वळणातून इतर गाड्याही गेल्या, त्यांत त्याच मॉडेलची दुसरी एक होती, तीही कंपनीतून आली तशीच, तेच टायर. ती संध्याकाळी परत बेंगळुरूला गेली. मग आपल्या गाडीत ओलं इंधन कोणतं होतं? हा प्रश्न विचारायचा होता, आणि सर्व्हिस सेंटरनं तो विचारलाच नव्हता. इंजिन उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं! ट्रॅक हा शब्द ऐकला आणि फाइल बंद.

आम्ही पत्र लिहिलं. सुरुवातीला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक लिहील तसं चार पानी लिहिलं. तात्यांनी वाचून बाजूला ठेवलं. म्हणाले, "हे ते वाचणार नाहीत. एवढंच लिहा : इंजिन आमच्या माणसासमोर उघडा, काढलेला एकही पार्ट फेकू नका, तेल बाटलीत भरून सील करा, आणि ईसीयूची नोंद द्या." तेवढंच गेलं. आमच्या आयुष्यातला सर्वांत प्रभावी निबंध, आठ ओळींचा आणि दुसऱ्यानं सांगितलेला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर हीच गोष्ट आधी करा. जुने पार्ट भंगारात गेले की वाद संपला. जॉबकार्डची प्रत घ्या, आणि त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिलेली आहे ना ते बघा. सर्व्हिसिंगच्या पावत्या जपा. आणि बाहेर काम केलं असेल तर तेही लपवू नका. उल्हासनगरच्या मालाबद्दलचे विनोद आपण सगळे सांगतो, पण नुसतं बाहेर सर्व्हिसिंग केलं म्हणून सगळी वॉरंटीच रद्द, असं म्हणणंही सरळसोट चालत नाही. स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला सुट्या भागांच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, तेव्हा त्या आदेशात हेही होतं की स्वतंत्र मेकॅनिककडे गेल्यावर वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये. तो आदेश पुढे न्यायालयांत अडकला, ती वेगळी कथा. अमेरिकेत मॅग्नुसन-मॉस नावाचा वॉरंटीचा कायदा १९७५ पासून आहे, त्याचाही रोख असाच. मुद्दा 'सरसकट' या शब्दाचा आहे. सरसकट म्हणजे कारण न शोधता.

इंजिन उघडलं गेलं. भाचा गेला होता, रजा टाकून. त्यानं फोटो पाठवले, तात्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते मोठे करून पाहिले. चार सिलिंडरपैकी तिघांच्या बेअरिंगवर नेहमीचे ओरखडे, बाकी धड. एकाच सिलिंडरची वाटी पूर्ण गेलेली. ईसीयूची नोंद म्हणत होती की फेरे लाल रेषेच्या पुढे एकदाही गेलेले नाहीत. म्हणजे गिअरची चूक नाही. आणि वळणात हवा ओढली असती तर त्रास सहसा एकाच बेअरिंगपुरता इतका नेमका राहत नाही. तात्या म्हणाले, क्रँकमधलं त्या बेअरिंगचं तेलाचं भोक बघायला सांगा. भोकात धातूची एक बारीक चीप अडकलेली निघाली. लेथवर निघते तशी, वळलेली. भोक पाडल्यावर बर साफ करायची राहिली की अशी मागे राहते. तात्यांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता. जिंकल्याचा आनंद नव्हता हो. शरम वाटली त्यांना. म्हणाले, "आमच्या शॉपमध्ये असा पार्ट पुढे गेला असता तर आम्हाला जेवण गेलं नसतं."

आता तुम्ही म्हणाल, संपलं, दोष सापडला. संपलं नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, आणि तो काही मूर्ख नव्हता, की चीप असेल, पण ती दोन वर्षं होतीच ना? तेव्हा इंजिन चाललं. ट्रॅकवर भार वाढला, तेल तापलं, पातळ झालं, म्हणून आत्ता गेलं. म्हणजे कारण ट्रॅकच.

हा खरा प्रश्न. आणि आम्ही कबूल करतो की, शुद्ध कार्यकारणाच्या भाषेत त्याचं अर्धं बरोबर आहे. ट्रॅक आता गाढव राहिला नाही. तो सहकारी कारण झाला. हार्ट आणि ऑनोरे या दोन कायदेपंडितांचा कारणमीमांसेवरचा ग्रंथ १९५९ चा, त्यात हाच घोळ सोडवलेला आहे. आग लागायला ऑक्सिजन लागतो, पण आगीचं कारण ऑक्सिजन असं पंचनाम्यात कुणी लिहीत नाही. का लिहीत नाही? कारण ऑक्सिजन नेहमीच असतो; आपण शोधतो ते नेहमीपेक्षा वेगळं काय होतं ते. मग या प्रकरणात 'वेगळं' काय? कंपनी म्हणते ट्रॅक वेगळा. आम्ही म्हणतो चीप वेगळी. त्या ट्रॅकवर त्याच मॉडेलची गाडी धड राहते. चीप असलेलं इंजिन मात्र माळशेज घाटात, भर पावसात, चार माणसं आत असताना, कधी ना कधी गेलंच असतं. निदान आमचा तर्क असा.

ग्रीकमध्ये कारणाला जो शब्द आहे, 'ऐतिया', त्याचा मूळ अर्थ आरोप, ठपका. अ‍ॅरिस्टॉटलची चार कारणं आपण शिकतो तेव्हा हे विसरतो. आपल्याकडेही 'कारणीभूत' हा शब्द बघा, कुणी चांगल्या गोष्टीला कारणीभूत झाला असं आपण सहसा म्हणत नाही. तेव्हा कारण कोणतं, या प्रश्नाच्या पोटात पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न पहिल्यापासूनच बसलेला आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. इथे आम्ही वकील नाही, वाचलेलं सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू. त्यात उत्पादनाच्या दायित्वाचं नवं प्रकरण आहे, पण त्याच्या मोहात पडू नका. तिथे 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलेलं आहे. इंजिनानं पेट घेऊन तुमचा हात भाजला तर ते प्रकरण लागू. इंजिनच गेलं तर तुमचा रस्ता म्हणजे मालातला दोष आणि सेवेतली त्रुटी. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, ही तरतूद कलम ३८ मध्ये आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपल्याला ठाणे. गाडी चेन्नईत उभी असली तरी तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, हे नव्या कायद्यानं फार बरं केलं. मुदत दोन वर्षांची. आणि १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या, १९१५, गोखले गेले ते साल, लक्षात राहील.

मागणी किती करावी, यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा हा निकाल आहे. वॉरंटीत भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन असेल तर कंपनीवर बंधन तेवढंच, एका भागात दोष निघाला म्हणून आख्खी गाडी बदलून मागता येत नाही. अनेक जण तावातावानं नवी गाडी मागतात आणि मिळणारं इंजिनही लांबवतात. उलट २०१० मध्ये सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट या प्रकरणात, इंजिनाच्या आवाजाची तक्रार होती, इंजिन बदलूनही वाद राहिला होता, तेव्हा न्यायालयानं स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासायला सांगितली आणि मूळचाच दोष निघाला तर पैसे परत, असं म्हटलं. दोन्हींचा धागा एकच : आधी बघा, मग बोला.

आणि सिद्ध कुणी करायचं? दोष आहे हे आपण दाखवायचं. पण 'हा अपवादात बसतो' असं जो म्हणतो त्यानं ते दाखवायचं. विम्याच्या दाव्यांत न्यायालयांनी हे कित्येकदा सांगितलंय, आणि वॉरंटीला तोच युक्तिवाद लागू करायला काही हरकत दिसत नाही. जाता जाता, विम्याचं कुणी विचारू नका : गाडीच्या आपल्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, आणि नुसता यांत्रिक बिघाड तर तसाही त्यात येत नाही.

हे सगळं आम्ही दुसऱ्या पत्रात घातलं. या वेळी दोन पानं, तात्यांच्या परवानगीनं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. इंजिन कंपनी देईल, मजुरीही कंपनीची. टोइंग आणि गाडी इकडे आणण्याचा खर्च आमचा. आणि खाली एक ओळ : ही मदत वॉरंटीखाली नसून केवळ सदिच्छेपोटी, म्हणजे 'गुडविल' म्हणून देण्यात येत आहे, ग्राहकानं याबाबत पुढे कोणताही दावा करणार नाही असं लिहून द्यावं.

आमच्या घरात त्या रात्री भांडण झालं. आम्ही म्हटलं, सही करायची नाही. हक्क म्हणून जे मिळायला हवं ते उपकार म्हणून घ्यायचं नाही. तीच चीप आणखी किती क्रँकमध्ये असेल? आज त्यांनी लेखी मान्य केलं तर उद्या दुसऱ्या कुणाला हे पत्र दाखवता येईल. सदिच्छा म्हणून घेतलं तर कागदावर काहीच घडलं नाही. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, तुझा मुद्दा बरोबर आहे. पण हप्ता तू भरतोयस का?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. भाच्यानं सही केली. अकरा आठवड्यांनी गाडी परत आली. नवीन इंजिन म्हणजे नवीन नंबर, तो आरसी बुकावर चढवून घ्यावा लागतो, त्यासाठी कल्याणच्या आरटीओत दोन खेपा. (तिथे रांगेत उभे असताना आम्ही भाच्याला थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली. सगळ्या फळ्या बदलल्या तर जहाज तेच का? तो म्हणाला, "मामा, चॅसीचा नंबर तोच आहे ना, मग तेच." आरटीओचं तत्त्वज्ञान साफ आहे.)

बराच वेळ घेतला. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

श्रोता : सर, ती चीप जपून ठेवली आहे का?

नाही. इंजिन बदललं की जुनं कंपनीकडे जमा होतं, अट तशीच होती. फोटो आहेत. तात्यांच्या फोनमध्ये आहेत, आमच्यात नाहीत. आम्हाला ते पाठवता येतात पण शोधता येत नाहीत.

श्रोती : कंपनीला माहीत होतं आणि तरी त्यांनी ते वॉरंटी म्हणून मान्य केलं नाही, हे खोटं बोलणं नाही का?

तुम्ही आमच्या मनातलं विचारलंत. कागदावर एकही वाक्य खोटं नाही. सदिच्छा होती असं ते म्हणाले, कदाचित असेलही. पण माहीत असलेली गोष्ट मोजून न सांगणं याला काय म्हणायचं, ते आम्हाला पुढच्या वेळी कांटबरोबर बघावं लागेल.

श्रोता : भाचा परत ट्रॅकवर जातो का?

फेब्रुवारीत गेला होता, कोइम्बतूरला. जाण्यापूर्वी तेल बदललं आणि जुनं तेल एका बाटलीत भरून तात्यांना आणून दिलं. तात्यांनी ते पांढऱ्या रुमालावर ओतून, चुंबक फिरवून, उन्हात धरून बघितलं. काही निघालं नाही. मग म्हणाले, "जा."